चेहऱ्याला वाफ

मागच्या अंकातल्या आमच्या कढीपत्त्यावरच्या लेखाला बरीच पत्रे आली. बहुतेकांना बाल्कनीतला कढीपत्ता उन्हाळ्यात जगवायचा होता. एका भगिनीने मात्र कढीपत्ता बाजूलाच ठेवला. त्या लिहितात : "संक्रांतीच्या तिळगुळाला तुम्हांला पाहिलं. चेहरा इतका उजळलाय की आमचे हे आधी ओळखेनातच. तुम्ही सिगारेट सोडून ते वेप का काय ते घेता, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनीही यंत्र आणलं. खरंच त्वचेला चांगलं असतं का हो ते?"

पत्र वाचून आम्ही जरा वेळ गप्प बसलो. आजवर आमचा चेहरा पाहून कोणी काही विकत घेतले नव्हते. आमच्या हिने पत्र वाचले आणि म्हणाली, "आता उत्तर द्या. आणि द्यायचंच तर सगळं सांगा. अर्धं सांगायची तुमची जुनी खोड आहे."

तेव्हा वाचकहो, हा लेख म्हणजे त्या पत्राचे उत्तर. सगळे सांगतो.

आम्ही नोकरी करतो ती दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये. नवीन वाचकांसाठी एवढेच सांगतो, की नावात 'पार्क' असले तरी डबा घेऊन सहलीला यायची ही जागा नव्हे. जेबेल अलीच्या बाजूला वाळूत १९९७ साली उभी राहू लागलेली ही सुमारे २,३०० हेक्टरची वसाहत. कारखाने, गोदामे, कामगारांच्या इमारती, शाळा, आणि ग्रीन कम्युनिटीतली हिरवळ, सगळे एकाच नकाशात. २०२१पासून मेट्रोसुद्धा येते. आमचा कारखाना शीतगृहांची यंत्रणा बसवतो, आणि त्या कारखान्याच्या मागच्या बाजूला, जिथे ट्रकमधून माल उतरतो तिथे, सावलीचा एक चतकोर तुकडा आहे. आमची धूम्रपान मंडळाची शाखा तिथे भरायची. सदस्य तीन : त्रिशूरचा स्टोअरकीपर, पेशावरचा ड्रायव्हर आणि आम्ही.

आमचे सदस्यत्व जुने. १९९९ साली इंजिनियरिंगला असताना टपरीवर कटिंग चहाबरोबर सुरुवात झाली. पुढे मास्टर्ससाठी ओहायोला गेलो, तिथे उणे पंधरात प्रयोगशाळेच्या दाराबाहेर कुडकुडत ओढली. दुबईत आलो ते पंचेचाळीस अंशांत घाम पुसत ओढू लागलो. हवामान बदलले, आम्ही बदललो नाही. चोवीस वर्षे झाली होती.

या देशात ई-सिगारेटच्या विक्रीला आधी बंदी होती. २०१९च्या एप्रिलपासून नियम ठरवून ती खुली झाली. २०२३च्या पाडव्याला आम्ही गुढीला नमस्कार केला, सिगारेटचे पाकीट कचऱ्यात टाकले आणि यंत्र हातात घेतले. फोनवर आईला चिपळूणला सांगितले, "आई, सिगारेट सोडली. आता वेप घेतो." आईला ऐकू आले, "वाफ घेतो." ती म्हणाली, "बरं केलंस रे बाबा. थोडं निलगिरीचं तेल टाकत जा पाण्यात." आम्ही "हो" म्हणालो. चूक दुरुस्त करायला एक वाक्य पुरले असते. आम्ही ते बोललो नाही.

आता चेहऱ्याचे. तीन-चार आठवड्यांत फरक दिसू लागला. चेहऱ्यावरची राखाडी कळा गेली. उजव्या हाताच्या दोन बोटांवरचे पिवळे डाग झिजत झिजत नाहीसे झाले. शर्टाचा वास गेला. आमचा पेशावरी म्हणाला, "इंजिनियर साब, आप तो दूल्हा बन गए!" घरी ही काही बोलली नाही, पण आरशासमोर आमचा वेळ वाढला आहे, हे तिच्या लक्षात आले होते.

असे का झाले, हे समजून घ्यायला हवे. जळत्या तंबाखूच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. त्यामुळे कातडीपर्यंत प्राणवायू कमी पोचतो. धूर बंद झाला की एक-दोन दिवसांत हा वायू रक्तातून निघून जातो. शिवाय धुरामुळे कातडीला ताठ ठेवणारे कोलॅजन मोडणारी विकरे वाढतात. बोटांवरचा पिवळा रंग हा डांबराचा. जाळणे थांबले, डांबर थांबले.

धूम्रपानाने चेहरा बिघडतो, ही माहिती काही नवी नाही. कॅलिफोर्नियातल्या डॉ. हॅरी डॅनियल यांनी १९७१ साली सिगारेट आणि सुरकुत्या यांचा संबंध दाखवला. १९८५ साली इंग्लंडमधल्या डॉ. डग्लस मॉडेल यांनी तर 'स्मोकर्स फेस' असे नावच दिले. आणि आम्ही शिकलो त्या ओहायोत ट्विन्सबर्ग नावाचे गाव आहे, तिथे दरवर्षी ऑगस्टमध्ये जुळ्यांची जत्रा भरते. त्या जत्रेत एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या ७९ जोड्यांचे फोटो काढून डॉक्टरांनी तुलना केली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. एकजण ओढणारा आणि दुसरा न ओढणारा, किंवा एकाने दुसऱ्यापेक्षा निदान पाच वर्षे जास्त ओढलेली. जास्त ओढणाऱ्याच्या डोळ्यांखालच्या पिशव्या, ओठांवरच्या रेघा, गालांचे लोंबणे तज्ज्ञांना ओळखता आले. एकाच आईच्या पोटची, एकाच चेहऱ्याची माणसे!

तेव्हा भगिनी, पत्रातल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर असे. आमचा चेहरा सुधारला तो वेप आल्यामुळे नव्हे, धूर गेल्यामुळे. पाहुणा आला त्याच दिवशी घरातला उंदीर पळाला, म्हणून पाहुण्याला मांजर म्हणू नये.

आता दुसरा भाग, जो आम्ही मंडळात कोणाला सांगितला नव्हता.

पावसाळ्याच्या सुमारास, म्हणजे तिकडच्या पावसाळ्याच्या (इकडे नुसता घाम), आमचे ओठ फुटू लागले. तोंडाला सारखी कोरड. जिभेच्या कडेला फोड आले. आणि उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि खालच्या ओठाखालचा भाग लाल होऊन खाजू लागला. आम्ही दोष दिला एसीला, मग समुद्राच्या गोड केलेल्या पाण्याला, मग हिने आणलेल्या नव्या साबणाला. ही म्हणाली, "साबण सगळं घर वापरतं. खाज तुम्हांलाच बरी येते!" शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई शांत होत्या. त्यांनी आधी हात पाहिला, मग विचारले, "यंत्र कोणत्या हातात धरता?"

इथे आमच्यातला इंजिनियर जागा झाला. त्या द्रवात मुख्यतः दोन पदार्थ : प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. त्यात निकोटिन आणि स्वाद. हे ग्लायकॉल आमच्या रोजच्या ओळखीचे. शीतगृहाच्या नळांत गोठू नये म्हणून आम्ही तेच पाण्यात मिसळतो. नाटकात स्वर्गातले ढग दाखवायला जे यंत्र धूर सोडते, त्यातही ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनच असते. त्याचा गुण असा की ते पाणी ओढून घेते. नळांत ते ठीक. तोंडात आणि ओठांवर दिवसातून दोनशे वेळा फिरले, तर कोरड पडणार नाही तर काय होईल? मग आपण ओठ चाटतो, आणि ते आणखी फुटतात. काहींना तर या ग्लायकॉलचीच ॲलर्जी असते. अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या एका संस्थेने २०१८ साली त्याला 'वर्षातला ॲलर्जीकारक पदार्थ' ठरवले होते. खाल्ले तर निर्धोक मानलेला पदार्थ तापवून फुप्फुसात वर्षानुवर्षे ओढणे ही वेगळी गोष्ट, हेही आम्हांला डॉक्टरीणबाईंनी सांगावे लागले. स्वतःच्या धंद्यातले स्वतःला उशिरा कळते.

आणि हो, ती वाफ नव्हेच. तापलेल्या तारेवर द्रव उकळतो आणि बाहेर येताच थंड होऊन त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात. आपण ओढतो ते थेंब. आईच्या निलगिरीच्या वाफाऱ्याचा आणि त्याचा काही संबंध नाही.

तोंडातले फोड मात्र वेपचे नसावेत, असे बाई म्हणाल्या. सिगारेट सोडणाऱ्या बऱ्याच जणांना पहिल्या काही आठवड्यांत ते येतात. हिरड्यांतूनही थोडे रक्त येते, कारण इतके दिवस आकसलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. तेवढ्याने घाबरून कोणी पुन्हा सिगारेट धरू नये.

बोटांच्या खाजेसाठी त्यांनी पाठीवर पॅच टेस्ट लावली. छोट्या छोट्या चकत्या, दोन दिवस पाठ भिजवायची नाही. ऑगस्टमध्ये, दुबईत, दोन दिवस! ते आम्ही कसे काढले, हे हिला विचारा. निकाल आला : निकेल. यंत्राच्या धातूच्या कवचातले. ही निकाल वाचून म्हणाली, "मला माहीतच होतं. खोट्या कानातल्यांनी माझे कान असेच होतात. पण माझं कोण ऐकतं?"

जाता जाता बाईंनी विचारले, "निकोटिन किती?" आम्ही अभिमानाने सांगितले, "वीस मिलीग्रॅम." त्यांनी कागदावर हिशोब मांडला. मिलीलिटरला वीस, म्हणजे दोन मिलीलिटरला चाळीस. एका सिगारेटमधून अंगात जाते ते साधारण एक ते दीड मिलीग्रॅम. चाळीसच्या चाळीस काही अंगात उतरत नाहीत, पण अंदाज यावा. "निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. म्हणून तर ऑपरेशनच्या आधी सर्जन ते बंद करायला सांगतात, जखम भरत नाही. तुमचा धूर गेला. पण हे तर आहे तिथंच आहे ना?"

आम्ही म्हणालो, "पण चेहरा...?"

त्या म्हणाल्या, "चेहरा मी बघते आहे. फुप्फुस तुम्हांला आरशात दिसतं का?"

सिगारेटचा एक गुण आम्हांला तेव्हा प्रथम कळला : ती संपते. पाच-सात मिनिटांत चटका बसतो, माणूस टाकून देतो, कामाला लागतो. हे यंत्र संपतच नाही. ते टेबलावर, गाडीत, उशीशी. आम्ही मालाच्या दारामागे जाणे सोडले होते, कारण आता दाराची गरजच उरली नव्हती.

त्याच वर्षी गणपतीला चिपळूणला गेलो. भारतात २०१९च्या सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण, सगळे बंद. आयात-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाचकांपैकी कोणी सामानात यंत्र टाकून मुंबईला उतरत असेल, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. आम्ही यंत्र इथे कपाटात ठेवून गेलो. आठवडाभर काय, सहज राहू, असा विश्वास होता.

दारात पाय ठेवताच आईने चेहऱ्यावरून हात फिरवला. "उजळलास रे! अगदी कॉलेजात जायच्या आधी होतास तसा." शेजारणींना बोलावून दाखवले. पेढे आणले. आम्ही खाल्ले.

दुसऱ्या दिवशी डोके ठणकू लागले. मुलावर विनाकारण ओरडलो. तिसऱ्या दिवशी चतुर्थी. मूर्ती बसली होती, आरती व्हायची होती. आम्ही "दूर्वा कमी पडतील, आणतो" म्हणून बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर सिगारेट पेटवली. जवळजवळ सहा महिने, पंचवीस आठवड्यांहून अधिक, आणि पहिल्या झुरक्याला एखादा हरवलेला मित्र भेटल्यासारखे वाटले. बडीशेप चघळली, तोंड धुतले, घरी आलो. आई स्वयंपाकघरात मोदकपात्रापाशी बसली होती. झाकणाच्या कडेने वाफ येत होती. मागे न वळता म्हणाली,

"वाफ घेणं सोडलंस वाटतं."

आम्ही उभेच राहिलो. मग आईला सगळे सांगितले. वेप म्हणजे काय, त्यात काय असते, निलगिरी कशी नसते. तिने मोदक उतरवले, गॅस बंद केला आणि म्हणाली, "तुझ्या थोरल्या काकांचा चेहराही असाच उजळला होता."

थोरल्या काकांची गोष्ट आम्हांला माहीत होती, पण अशी जोडून कधी पाहिली नव्हती. ते दिवसाला एक बंडल विडी ओढायचे. १९८८च्या सुमारास खोकल्याने हैराण होऊन सोडली. घरात आनंद झाला. खोकला गेला, अंग भरले, चेहऱ्यावर तेज आले. फक्त खिशात पितळी डबी आली, तंबाखू-चुन्याची. "धूर तर नाही ना," असे ते म्हणायचे, आणि सगळे माना डोलवायचे. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आला, तो कोणालाच दिसला नाही, कारण गाल बाहेरून छान दिसत होता. १९९७ साली मुंबईला ऑपरेशन झाले. दोन वर्षांनी गेले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आम्हीच अर्धे सांगितल्यासारखे होईल. तंबाखू चघळणे आणि वेप ओढणे ही एक गोष्ट नव्हे. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे पक्के ठाऊक आहे. वेपचे वय लहान. चिनी औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी आजच्या धर्तीची ई-सिगारेट बनवली ती २००३ साली. त्यामुळे तीस-चाळीस वर्षे ओढणारा माणूस अजून जगात नाही. विडी-सिगारेट सोडायला ती मदत करते, हेही खरे. २०१९ साली इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेल्या चाचणीत वेप घेणाऱ्यांपैकी १८ टक्के लोक वर्षभराने सिगारेटपासून दूर होते. निकोटिनचा डिंक, पट्ट्या वगैरे घेणाऱ्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होते. पण त्याच चाचणीतला पुढचा आकडा वाचा. सिगारेट सुटलेल्यांपैकी डिंक-पट्टीवाल्यांतले ९ टक्के वर्षाअखेर अजून डिंक-पट्टी घेत होते. वेपवाल्यांतले ८० टक्के अजून वेप घेत होते.

काकांशी आमची तुलना एवढ्यापुरतीच. दोघांनीही एक सोडून दुसरे धरले, आणि चेहरा पाहून सगळ्यांनी, आम्हीसुद्धा, 'सुटले' असे मानले.

परत आल्यावर आमच्या सोळा वर्षांच्या चिरंजीवांनी उरलेसुरले काम केले. आम्ही गाडीत यंत्र काढले तेव्हा तो सहज म्हणाला, "बाबा, हा आंब्याचा वास आमच्या शाळेच्या बाथरूममध्ये पण येतो." एवढेच. सिगारेटच्या वेळी आम्ही त्याच्यापासून लपवायचो. याचा वास हापूसचा म्हणून लपवणेही सोडले होते. अठरा वर्षांखालच्यांना विकायला कायद्याने बंदी आहे, पण घरातल्या टेबलावर ठेवायला कोण बंदी करणार?

तेव्हा उतरण सुरू केली. वीसवरून दहा, दहावरून सहा, सहावरून तीन. सोपे नव्हते. निकोटिन कमी केले की हात जास्त वेळा यंत्राकडे जातो, म्हणून नियम केले : घरात नाही, गाडीत नाही, रात्री नऊनंतर नाही. ओढायचे तर पुन्हा त्या मालाच्या दारामागे जाऊन. पुन्हा दोनदा सिगारेटवर घसरलो, तेही सांगून टाकतो. दीड-दोन वर्षे लागली. गेल्या दसऱ्याला ते यंत्र कारखान्यातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या पेटीत टाकले. साध्या कचऱ्यात टाकू नये, आत लिथियमची बॅटरी असते.

म्हणजे भगिनी, हिशोब करा. दसरा ते संक्रांत, तीन महिन्यांहून थोडे अधिक. तिळगुळाला तुमच्या यजमानांनी पाहिला तो वेपवाल्याचा चेहरा नव्हता. काहीच न ओढणाऱ्याचा होता. त्यांना ज्यांनी कोणी सांगितले त्यांना आमचे पहिले प्रकरण ठाऊक होते, शेवटचे नव्हते. ते आम्ही कोणाला सांगितले नाही, कारण पुन्हा घसरलो तर, अशी भीती वाटत होती. ती अजून आहे.

यजमानांवर रागावू नका. त्यांनी सिगारेट पूर्ण टाकली असेल तर ते एक पाऊल पुढे आलेत. पण दोन्ही चालू असेल, तर काहीच मिळवले नाही. त्यांना एकच विचारा, "हे कधी बंद करणार?" तारीख कॅलेंडरवर लिहून घ्या. आणि ज्याने कधी सिगारेटच ओढली नाही, त्याने केवळ चेहऱ्यासाठी किंवा आंब्याच्या वासासाठी हे यंत्र हातात धरू नये. आंबा हवा असेल तर मे महिन्यात दुबईच्या बाजारात हापूस मिळतो. महाग असतो, पण संपतो.

ओठ अजून थोडे काळेच आहेत. डोळ्यांखालच्या पिशव्याही आहेत. चोवीस वर्षांचे व्याज एकदम फिटत नाही. आई मात्र फोनवर दर रविवारी विचारते, "वाफ?" आम्ही म्हणतो, "नाही." तेवढ्यावर आमचे भागते.

पुढच्या अंकात पुन्हा कढीपत्ता. त्याला खत कोणते घालावे, याबद्दल आठ पत्रांत नऊ मते आली आहेत.